टाचणवहीबाहेरचा शिक्षक

प्राथमिक शाळेच्या तपासणीस येणारा अधिकारी वर्गात शिरल्यावर प्रथम टाचणवही मागतो. त्या दिवशीचा पाठ्यघटक, त्याची उद्दिष्टे, साधने, मुलांना विचारावयाचे प्रश्न आणि त्या प्रश्नांची अपेक्षित उत्तरे हे सारे तीत आदल्या दिवशीच लिहिलेले असावे, असा दंडक आहे. 'अपेक्षित उत्तर' हा शब्दप्रयोग बारकाईने पाहण्यासारखा आहे. मूल वर्गात पाऊल टाकण्यापूर्वीच ते काय बोलणार हे ठरलेले असते. मुलाने ते बोलले तर पाठ यशस्वी, न बोलले तर मूल कच्चे. तिसरी शक्यता या वहीत बसत नाही. मुलाने अनपेक्षित पण खरे असे काही सांगितले तर शिक्षकाने काय करावे, यासाठी तीत रकाना नाही.

एखाद्या साखरशाळेतला तास डोळ्यांसमोर आणावा. दिवाळीच्या आसपास मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबे बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रकांतून कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांसाठी अड्ड्यावर शाळा भरते. पत्र्याखाली तीन इयत्तांची मुले एकत्र बसली आहेत. शिक्षिकेने मुलांच्या परिचयाची वस्तू घ्यावी म्हणून कोयता घेतला आहे, आणि ती विचारते, "सहा माणसे आहेत, तर कोयते किती?" टाचणवहीतील अपेक्षित उत्तर आहे सहा. मागच्या रांगेतला मुलगा न डगमगता सांगतो, "तीन."

पुस्तकाच्या हिशेबाने हे उत्तर चूक आहे. फडातल्या हिशेबाने ते तंतोतंत बरोबर आहे. ऊसतोडीच्या धंद्यात 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, टोळी मोजतो ती कोयत्यांत, आणि एकट्या माणसाला म्हणतात 'अर्धा कोयता'. त्या मुलाने सहाला दोनने भागले आहे, आणि भागाकार अजून त्याला शिकवायचाच आहे.

इथे शिक्षिकेपुढे दोन वाटा फुटतात. "चूक, खाली बस" म्हणून ती टाचणाकडे वळू शकते. त्यात तिला कोणी दोष देणार नाही. किंवा ती वही मिटून विचारू शकते, "बरे, मग सात माणसांचे किती?" साडेतीन, असे उत्तर येते. अपूर्णांकाचा पाठ वर्षाच्या नियोजनात बराच पुढे आहे, तो आज आपल्या पायांनी वर्गात चालत आला आहे. एकक म्हणजे काय, ते कोण ठरवते, दोन माणसांचे एक एकक होऊ शकते काय, ही गणितातील मूलभूत चर्चा त्या पत्र्याखाली सुरू होते. आणि मग एखादी मुलगी विचारते की आई-बाप मिळून एक कोयता, तर मुकादम उचल लिहितो ती बापाच्याच नावावर का? या प्रश्नाचे उत्तर गणिताच्या पुस्तकात नाही, समाजशास्त्राच्याही नाही. शिक्षिकेने तो नुसता फळ्यावर लिहून ठेवला तरी त्या तासाचे सार्थक झाले.

आयत्या वेळी, समोर जे आले त्यातून पाठ घडविण्याच्या या सामर्थ्याला मराठीत एकच असा शब्द नाही. गवयाकडे त्याला उपज म्हणतात. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्याचा तो हजरजबाबीपणा ठरतो. बायका स्वयंपाकघरात रोज तेच करतात आणि त्याला वेळ निभावणे म्हणतात. अर्थात त्याची गणना कलेत कोणी करीत नाही. शिक्षकाच्या बाबतीत मात्र शब्दच नाही, आणि ज्याला शब्द नाही त्याची नोंद सरकारी अहवालात होण्याची शक्यताही नाही.

उपज या शब्दाने एक गैरसमज आरंभीच दूर व्हावा. गवई मैफलीत आयत्या वेळी जे गातो ते अनेक वर्षांच्या रियाजातून आलेले असते. राग ठरलेला, बंदिश ठरलेली, ताल ठरलेला. त्या चौकटीवर हुकमत असते म्हणूनच चौकटीत मोकळे फिरता येते. तयारी न करता वर्गात जाऊन तासभर इकडच्या तिकडच्या गप्पा मारणारा शिक्षक उत्स्फूर्त नव्हे, आळशी आहे. असे शिक्षक शाळाशाळांत आहेत आणि त्यांची पाठराखण करण्याचे कारण नाही. मुलाच्या 'तीन' या उत्तरामागे भागाकार आहे हे ओळखायला शिक्षिकेला गणित पक्के यावे लागते आणि ऊसतोडीची भाषाही यावी लागते. दोहोंपैकी एकही नसेल तर तिला तिथे फक्त चूक दिसेल.

लोकशिक्षणाची जी परंपरा महाराष्ट्राने पाहिली, तीत ही गोष्ट ठायी ठायी आढळते. गाडगे महाराजांचे कीर्तन हे त्याचे ठळक उदाहरण. हाती पोथी नाही, पूर्वरंग-उत्तररंगाची बांधीव मांडणी नाही. समोरच्या माणसांना प्रश्न विचारावा, आलेले उत्तर उचलावे, त्यातून दुसरा प्रश्न काढावा, आणि कर्ज काढून सण करणे, नवसाला बकरे कापणे, शिवाशीव पाळणे यांतील वेडेपणा श्रोत्यांच्याच तोंडून वदवावा. १९५६ साली महाराज गेले. त्यांची कीर्तने कागदावर उतरविण्याचे प्रयत्न झाले, पण कागदावर जे राहते तो निम्मा ऐवज. उरलेला निम्मा समोरच्या गर्दीचा होता.

शाळेच्या क्षेत्रातील उदाहरण पाहावयाचे तर बोर्डी आणि कोसबाडकडे वळावे लागते. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आलेल्या, माँटेसरी पद्धतीत मुरलेल्या विदुषी. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, पुढे दादरला शिशुविहार उभे राहिले. मध्यमवर्गीय वस्तीत ती पद्धत रुजलीही. १९४५ मध्ये त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०-१९९२) तिथे त्यांना येऊन मिळाल्या. त्याच वर्षी त्याच परिसरात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली शेतमजूर वेठबिगारीविरुद्ध उठले होते, हा योगायोग विसरू नये. एका टोकाला माणसे वेठ नाकारत होती, आणि त्याच माणसांची मुले शाळेत यावीत म्हणून दुसऱ्या टोकाला दोन स्त्रिया धडपडत होत्या.

मुले आली नाहीत. माँटेसरीच्या शास्त्रशुद्ध साधनांची किंमत गावाच्या आवाक्याबाहेरची होती, पण अडचण तेवढीच नव्हती. शाळा ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी भरणार आणि मुलाने न्हाऊन-धुऊन, केस विंचरून तिथे यायचे, ही कल्पनाच मुळात ज्यांच्या घरी पाणी, वेळ आणि कंगवा आहे त्यांच्यासाठी होती. तेव्हा शाळा उठली आणि वस्तीत गेली. कोणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, तिथेच त्यांना न्हाऊ घालायचे, गाणी म्हणायची, गोष्टी सांगायच्या. अंगणवाडी हे नाव त्या अंगणातून आले. विकत आणलेल्या साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, खडे, पाने, माती आली. वर्गीकरण, क्रम, संख्या, रंगांच्या छटा हे जे माँटेसरीला शिकवायचे होते ते त्यांतूनही शिकविता येत होते. ताराबाईंनी पद्धत टाकली नाही. तिच्यातील तत्त्व आणि तिच्यातील सामान यांत त्यांना भेद करता आला. तो भेद ज्याला करता येत नाही तो साधने मिळाली नाहीत म्हणून कपाट बंद ठेवतो, आणि मिळाली तरी फुटतील म्हणून बंदच ठेवतो.

पुढे १९५६-५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणणारी विकासवाडी झाली, कारण मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली असते. धाकट्याची सोय झाल्याशिवाय ती शाळेत येऊच शकत नाही. मोठी मुले गुरे घेऊन रानात जात. मग शिक्षक गुरांमागे गेले आणि कुरणशाळा सुरू झाली. शिक्षणखात्याच्या कोणत्याही नियमावलीत कुरण ही शाळेची जागा म्हणून नमूद नव्हती. या योजना कोणा समितीच्या बैठकीत आखल्या गेल्या नाहीत. मूल आज का आले नाही, हा प्रश्न रोज सकाळी विचारला गेला आणि त्याचे जे उत्तर मिळाले त्याप्रमाणे दुपारी शाळा बदलली.

त्या अंगणाचे पुढे काय झाले, हेही सांगावयास हवे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. मराठी मातीतल्या एका प्रयोगाला याहून मोठा मान कोणता मिळणार? मात्र शब्द गेला, त्यामागची मोकळीक गेली नाही. अंगणवाडी सेविकेला सरकार कर्मचारी मानत नाही. तिला वेतन नाही, मानधन आहे. वजनाची, उंचीची, आहाराची, लसीकरणाची नोंद तिने ठेवायची. २०२१ पासून पोषण ट्रॅकर नावाच्या मोबाइलवरील प्रणालीत ती भरायची. मुलांशी खेळण्याचा वेळ या नोंदींतून उरेल तेवढा. जिच्याकडून ताराबाईंची कल्पकता अपेक्षित आहे, तिच्या हातात खेळणे नसून भरावयाचा तक्ता आहे.

दुसरे उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशातले. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील (आता नर्मदापुरम) १६ माध्यमिक शाळांत किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम हाती घेतला. दिल्ली विद्यापीठातील आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ त्यात खेड्यातील शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून काम करीत. पुढे १९८२ मध्ये एकलव्य संस्था स्थापन झाली आणि तिने हे काम चालविले. मुलांनी प्रयोग स्वतः करावयाचा, निष्कर्ष स्वतः काढावयाचा, आणि परीक्षेला पुस्तक उघडे ठेवून बसावयाचे. पुस्तकात उत्तरे छापलेलीच नव्हती! मुलांनी प्रश्न पाठवावेत म्हणून सवालीराम नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण केले होते, आणि त्या सवालीरामाला मुले पत्रे लिहीत. पुण्याच्या मोटारकारखान्यातील अभियंता अरविंद गुप्ता १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन याच कार्यक्रमात गेले. आठवडी बाजारात मिळणारी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या यांतून भूमितीच्या आकृत्या उभ्या करण्याची त्यांची युक्ती तिथलीच. रबरी नळीने जोडलेला त्रिकोण दाबला तरी ढळत नाही आणि चौकोन मात्र कलतो, हे ज्या मुलाच्या बोटांना कळले त्याला पुलाच्या कमानीतील तिरक्या पट्ट्या का असतात ते वेगळे सांगावे लागत नाही.

या कार्यक्रमातील कळीची गोष्ट आगकाडी नव्हती. शिक्षक दर महिन्याला एकत्र बसत. वर्गात काय फसले, कोणत्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही, कोणत्या प्रयोगाने भलताच निकाल दिला, हे ते एकमेकांना सांगत. पुस्तकातील धडे या बैठकांतून बदलत गेले. 'मला ठाऊक नाही, आपण पाहू' असे मुलांसमोर म्हणण्याचे धाडस शिक्षकाला एकट्याने होत नाही. पाठीशी असे मंडळ असेल तर होते. मैफलीतील गवयालाही मागे तंबोरा धरणारे लागतातच.

मध्य प्रदेश शासनाने २००२ साली हा कार्यक्रम बंद केला. राज्यभर अभ्यासक्रम व पुस्तके एकसारखी हवीत, असे त्यामागचे धोरण होते. तीस वर्षांत शेकडो शाळांतून शिक्षकांनी जे कमावले होते ते एका निर्णयाने मिटले.

एकसारखेपणाच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र असा आहे की समाजवादी विचाराच्या माणसाने तो हसण्यावारी नेऊ नये. सर्वच शिक्षक ताराबाई नसतात. गरिबाचे मूल कोणत्या शिक्षकाच्या वाट्याला येईल हे नशिबावर सोडण्यापेक्षा प्रत्येक पाठाची लिखित संहिता द्यावी, म्हणजे निदान किमान शिक्षण तरी सर्वांना समान मिळेल, असे तो सांगतो. यात तथ्यांश आहे. नव्या, अननुभवी शिक्षकाला धरायला काठी हवी. बंदिश न शिकता कोणी गवई होत नाही. परंतु हा समतेचा युक्तिवाद प्रत्यक्षात कोणाला लागू होतो ते पाहिले म्हणजे त्यातील गोम ध्यानात येते. वर्षाला लाखो रुपये शुल्क घेणाऱ्या शाळांच्या जाहिरातींत काय असते? मुलाच्या कुतूहलाप्रमाणे चालणारे वर्ग, मोकळे शिक्षक, प्रकल्प, सहली. तिथे पालक स्वातंत्र्याचे पैसे मोजतात. संहिता, रोजचे उद्दिष्ट, छायाचित्रासह पुरावा आणि केंद्रप्रमुखाची सही हे सारे जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी राखून ठेवलेले आहे. श्रीमंताच्या मुलाला उपज आणि गरिबाच्या मुलाला उजळणी, अशी ही वाटणी आहे. जे किमान म्हणून दिले तेच कमाल होऊन बसते.

उलट बाजूनेही सावध राहावयास हवे. 'टाकाऊतून टिकाऊ' या नावाची प्रदर्शने शिक्षणखाते मोठ्या हौसेने भरविते. शिक्षकाने नारळाच्या करवंटीचा तराजू केला की त्याचा सत्कार होतो. त्या शाळेला खरा तराजू का मिळाला नाही, हा प्रश्न सत्काराच्या टाळ्यांत बुडून जातो. कल्पकतेचे कौतुक हे अनुदान टाळण्याचे साधन होऊ नये. आगकाडीने भूमिती शिकविता येते, सूक्ष्मदर्शक मात्र आगकाड्यांचा होत नाही. होशंगाबादच्या कार्यक्रमातही शाळांना प्रयोगसाहित्याची पेटी दिली जात होती, शिक्षकांना प्रशिक्षण मिळत होते. ते फुकटात झालेले काम नव्हते. एकाच शिक्षकाने चार इयत्ता सांभाळाव्यात, तीही उत्साहाने, असे म्हणणे म्हणजे नेमणुका न भरण्याचे समर्थन करणे होय.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात हा अंतर्विरोध शब्दशः उतरला आहे. त्याचे २९ वे कलम सांगते की शिक्षण कृतीतून, शोधातून, बालककेंद्री रीतीने आणि मुलाच्या मनात भीती न ठेवता व्हावे. २४ वे कलम शिक्षकाचे कर्तव्य सांगताना ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करण्याची सक्ती करते. शोधाला मुदत नसते आणि अभ्यासक्रमाला ती असते. कात्रीत सापडलेला शिक्षक अर्थातच तपासणी ज्याची होते तेच करतो. आणि २७ वे कलम जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक यांखेरीज अन्य बिगरशैक्षणिक कामे शिक्षकाला देऊ नयेत असे म्हणते, तरी माहिती भरण्याच्या कामांना शैक्षणिक म्हटले की तेही कलम निकामी होते.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले त्यात प्राथमिक शिक्षकाविषयी दोन अपेक्षा एकाच ओघात आल्या आहेत. शिक्षक शेतकरी वर्गातून आलेला, मुलांत मिसळणारा, प्रसंगी नांगर धरण्याची लाज न वाटणारा असावा, ही एक. आणि त्याचा पगार महिना बारा रुपयांहून कमी नसावा, ही दुसरी. पहिली अपेक्षा भाषणांतून उद्धृत होते, दुसरी गळते. वस्तुतः दोन्ही मिळूनच अर्थ होतो. महाराष्ट्र शासनाने २००० साली शिक्षण सेवक योजना आणली आणि प्राथमिक शाळेतील नवा, पात्रताधारक शिक्षक तीन वर्षे महिना तीन हजार रुपयांच्या मानधनावर ठेवला. २०२३ मध्ये ते सोळा हजार झाले. ज्याची नोकरी तीन वर्षे टांगणीला आहे तो अधिकाऱ्यासमोर टाचणवही मिटण्याचे धाडस करील, अशी अपेक्षा कोणी ठेवावी? उपज ही निर्भय माणसाची गोष्ट आहे. नोकरीची शाश्वती, वर्गात बेताची मुले, आणि वस्तीशी ओळख होईल इतका काळ एका जागी राहण्याची हमी या तिच्या पूर्वअटी आहेत. शिक्षक संघटनांनी वेतनश्रेणीसाठी जितक्या निकराने लढे दिले तितक्या निकराने वर्गातील या स्वातंत्र्यासाठी दिले नाहीत, ही त्यांची मोठी उणीव होय. पगारवाढीच्या लढ्याला पालकांची सहानुभूती मिळत नाही अशी तक्रार नेते करतात. कुरणापर्यंत चालत जाणाऱ्या शिक्षकाला ती मिळाली होती.

हा विषय केवळ शाळेपुरता नाही. कार्यकर्त्यांचे अभ्यासवर्ग कसे चालतात? वक्ता शहरातून येतो. महागाई, रोजगार, सहकार असा विषय ठरलेला असतो, टिपणे तयार असतात, आणि तेच भाषण तो धुळ्यातही करतो आणि सांगलीतही. समोर बसलेल्या यंत्रमाग कामगाराने किंवा रेशन दुकानावर भांडून आलेल्या बाईने मध्येच हात वर केला तर संयोजक पुढे होऊन सांगतो की प्रश्न शेवटी घेतले जातील. कार्यक्रमपत्रिकेवर प्रश्नोत्तरांसाठी दहा मिनिटे राखलेली असतात. भाषण लांबते. दहा मिनिटे आभारप्रदर्शनात जातात, आणि ती बाई शेवटची बस गाठण्यासाठी त्याआधीच उठून गेलेली असते.